सतरा नंबरचा कप्पा

दाराच्या काचेवर रंगवलेले लाल डुक्कर दिसले आणि आर्लेत रोशेचे पाऊल फुटपाथवरच थांबले.

“हेच ते,” क्लेलिया म्हणाली. “बाबांनी ठरवलेल्या त्या कडक इस्त्रीच्या हॉटेलपेक्षा इथलं जेवण शंभरपट चांगलं असतं, आजी.”

आर्लेतने नातीकडे पाहिले. वीस वर्षांची पोर, लिऑनला शिकायला येऊन दुसरे वर्ष. चेहरा अगदी निरागस. जरा जास्तच निरागस.

गेले चौदा महिने, एक गुरुवार सोडून एका गुरुवारी, आर्लेत याच दारातून आत जात होती. जुराच्या डोंगरातल्या गावाहून पहाटेची बस, मग रेल्वे, मग नदीकाठाने वीस मिनिटे पायी. घरी सांगितले होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. तीन पिढ्या चष्म्यांच्या फ्रेमी बनवणाऱ्या घरात या कारणावर कोणी शंका घेत नाही. डॉक्टरही खोटा नव्हता. त्याने दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही मोतीबिंदू काढले होते आणि नंतरच्या तपासणीत म्हणाला होता, “मादाम, आता माझ्याकडे यायची गरज नाही.” एवढे एकच वाक्य तिने घरी सांगितले नव्हते.

आणि येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता ती याच शहरात, सोन नदीच्या काठी, दोन खोल्यांच्या भाडेकरारावर सही करणार होती. सही झाली की मुलांना पत्राने कळवायचे, असा बेत होता. समोरासमोर सांगायचे तर रेजिसचा चेहरा बघावा लागला असता, आणि तेवढे तिच्याने होणार नव्हते.

“आई, पायरी आहे.” रेजिसने मागून येऊन तिचा कोपर धरला. “एकच आहे, पण उंच आहे. हं, आता टाक पाय.”

पायरी किती उंच आहे ते आर्लेतला त्याच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तिने मुकाट्याने पाय टाकला.

आत दुपारची गर्दी होती. लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे, जाड बुडाच्या वाइनच्या बाटल्या. मागच्या भिंतीवर लाकडी कप्प्यांची चौकट, प्रत्येक कप्प्यावर पितळी नंबर. रोजच्या गिऱ्हाइकांचे कापडी नॅपकिन त्या कप्प्यांत असत. येणाऱ्याजाणाऱ्याला कागदी मिळे. सतरा नंबरच्या कप्प्यात आर्लेतचा नॅपकिन होता. अठरामध्ये फेलिक्सचा.

आणि फेलिक्स त्या कप्प्यांच्या खालीच बसला होता. तो इथे रोजच जेवे.

मालकीण जोस्यान हातात तीन ताटल्या घेऊन वळली, तिने आर्लेतला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. “अरे वा! आज शुक्रवारी—”

आर्लेतने मान हलवली. अगदी बारीक, जेमतेम दोन अंश.

“—शुक्रवारी पाच जण म्हणजे जरा सरकून बसावं लागेल,” जोस्यानने वाक्य पुरे केले. पंचवीस वर्षे हॉटेल चालवणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त सांगावे लागत नाही.

फेलिक्सला मात्र सांगावे लागले असते. तो तिला बघून अर्धा उठला होता. तिच्यामागे मुलगा, सून, मुलगी, नात अशी रांग दिसल्यावर त्याला बसता येईना आणि उभेही राहता येईना. शेवटी त्याने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, जणू निघायचेच होते. मग समोरचे न संपलेले सूप दिसले. त्याने कोट काढून पुन्हा खुंटीला लावला आणि खाली बसला. त्र्याण्णव किलोचा माणूस, हे सगळे लपून करणे शक्यच नव्हते.

पाच जणांना पुरेल असे रिकामे टेबल एकच होते. त्याच्या शेजारचे.

“आई, तू उजेडाकडे तोंड करून बैस,” रेजिस म्हणाला.

“उजेड पाठीमागून हवा, रेजिस,” नादेज म्हणाली. “डोळ्यांत नको. एवढे चष्मे विकतोस आणि एवढं कळत नाही?” नादेज धाकटी, बेझाँसाँला शाळेत मुख्याध्यापिका. ती बसमध्येसुद्धा माणसांना जागा नेमून देई.

“मला जिथे बसवाल तिथे बसते,” आर्लेत म्हणाली आणि फेलिक्सकडे पाठ येईल अशी खुर्ची घेतली. त्याच्या शेजारची खुर्ची नादेजने पकडली. क्लेलिया खिडकीपाशी बापाजवळ बसली आणि ओठ दाबून मेन्यू कुठे आहे ते शोधू लागली.

मेन्यू म्हणजे एकच कार्ड, जोस्यानच्या हातचे, जांभळ्या शाईत. ते रेजिसने घेतले.

“तू डोळ्यांना ताण देऊ नकोस, आई. मी वाचतो.” त्याने कार्ड समोर धरले. मग थोडे लांब. मग हात पुरता ताणून, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या कानापर्यंत. “इथे अंधार फार आहे.”

“बाबा, तू खिडकीत बसलायस,” क्लेलिया म्हणाली.

“डाळीची कोशिंबीर... पाईक माशाचं केनेल... तळलेलं काहीतरी, पोटाचं... आणि खाली डाग पडलाय.”

“डाग नाही तो,” आर्लेत म्हणाली. “फक्त आज: रुबार्बचा मुरंबा आणि लाल बदामांचा टार्ट.”

ती समोर बसली होती. कार्ड तिच्या बाजूने उलटे होते आणि खालच्या ओळी जोस्यानने जागा संपल्यामुळे मुंगीएवढ्या अक्षरात कोंबल्या होत्या.

“आई,” नादेज सावकाश म्हणाली, “तुला ते दिसलं? उलटं?”

“अंदाजानं म्हटलं. एप्रिल आहे. रुबार्ब असणारच.”

“आणि टार्ट?”

“लिऑनमध्ये दुसरा कुठला टार्ट असणार?”

पाठीमागे फेलिक्सला वाइनचा ठसका लागला. नादेजने माणुसकीने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि तिथून त्या दोघांचे बोलणे सुरू झाले. आर्लेत कान मागे लावून, डोळे पुढे ठेवून बसली.

डाळीची कोशिंबीर आली, मग सॉसेजचे काप. पावाची टोपली मध्ये ठेवताना जोस्यानने सवयीने टोकाचा कडक तुकडा काढून आर्लेतच्या ताटलीजवळ ठेवला.

कारीनने तो तुकडा पाहिला. सून म्हणून कारीनला रोशे घरात येऊन चोवीस वर्षे झाली होती. कारखान्यात पॅकिंगचे काम तिच्याकडे होते. खोक्यात एक फ्रेम कमी असली तर तिला ते उचलताच वजनावरून कळे. “आईंना टोकाचा तुकडा आवडतो, हे तुम्हाला कसं कळलं?” तिने विचारले.

“या वयाच्या बायकांना आवडतोच,” जोस्यान म्हणाली. “दात आहेत तोवर.” आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

“हे मस्यू सोन नदीवर बोटी वरखाली नेणाऱ्या जलद्वाराचे राखणदार होते,” नादेजने सगळ्यांना सांगितले. “अडतीस वर्षं! मी विचारलं, एवढं मोठं दार उघडायला किती वेळ लागतो?”

“दार उघडायला मिनिटभर,” फेलिक्स म्हणाला. बोलत होता तो नादेजशी, पण मिठाच्या डबीकडे बघत. “पाणी एका पातळीला यायला बारा मिनिटं. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय दहा जणांनी ढकललं तरी दार हलत नाही. बोटीवरचे लोक शिव्या देतात. देऊ द्याव्यात. पाणी तेवढं भरू द्यावं.”

“किती छान,” नादेज म्हणाली.

आर्लेत पाव मोडत राहिली.

रेजिसने घसा साफ केला. वडील रेमों हयात असताना रविवारच्या जेवणाला असाच घसा साफ करत, आणि मग कोणाची तरी नोकरी, लग्न किंवा शाळा ठरून जाई. रेमोंना जाऊन तीन वर्षे झाली. घसा रेजिसकडे आला होता, जरब मात्र नाही.

“आई, वाढदिवस म्हणून तुला दोन दिवस इथे आणलं. तसा एक विषयही आहे. आम्ही तिघांनी बोलून ठरवलंय.”

“तू बोललास,” कारीन म्हणाली. “आम्ही ऐकलं.”

“नादेजला मान्य आहे.”

नादेजने सॉसेजचा काप काट्याला टोचला. “मला मान्य आहे. म्हणजे, मी दीडशे किलोमीटरवर असते. मी काय अमान्य करणार?”

“तर,” रेजिस म्हणाला, “आमच्या घराच्या खालची ती खोली. जुन्या नमुन्यांची. ती मी रिकामी केली. मागच्या शनिवारी फरशी बसली. करड्या रंगाची, ओली झाली तरी घसरत नाही. उंबरा काढून टाकला. न्हाणीघरात धरायला दांडा, दोन जागी. दिव्याचं बटण उंचवट्याचं, हाताला लागेल असं.” त्याचा आवाज जरा खाली आला. “पुढेमागे अगदी दिसेनासं झालं तरी तुला पलंगापासून दारापर्यंत सहा पावलं. मी डोळे बांधून चालून बघितलंय, आई. तीनदा.”

त्याच्या कपाळावर, केसांच्या कडेला, एक बारीक खरचटलेली रेघ होती. ती त्या तीनपैकी एका वेळची असावी.

सोमवारी दहा वाजता. सहा पावले. डोळे बांधून. हे पोर बावन्न वर्षांचे झाले, आणि तिच्या एका लहानशा खोट्याने त्याला भिंतीवर नेऊन आपटले होते. आता बोलावे की केनेल येऊ द्यावे? हातांना काहीतरी करायला हवे होते. मन अशा गोंधळात असले की शरीर आपल्या वाटेने जाते. ती उठली, दोन पावले मागे गेली, हात वर करून सतरा नंबरच्या कप्प्यातला नॅपकिन काढला, परत येऊन बसली आणि तो झटकून मांडीवर पसरला.

“हं,” ती म्हणाली. “फरशीचं काय म्हणत होतास?”

चौघे तिच्या मांडीकडे बघत होते. शेजारच्या दोन टेबलांवरची रोजची माणसेही काटे हातात धरून थांबली होती. फेलिक्सने डोळे मिटून घेतले होते. आर्लेतने खाली पाहिले, तेव्हा तिला कळले.

पांढरा तागाचा नॅपकिन. कोपऱ्यात लाल धाग्याने एकमेकांत गुंतवलेली तिच्या नावाची दोन अक्षरे, लग्नाआधी तिने स्वतः भरलेली. असे एकूण बारा होते.

नाताळात जेवायला बारा जण होते आणि कपाटात नॅपकिन अकराच निघाले होते. आदल्या वेळी ते धुवायला कारीनने नेले होते. कोणी तिला काही म्हटले नव्हते. नादेज फक्त इतकेच म्हणाली होती की तागाचे कापड मशीनमध्ये टाकत नाहीत, आणि रेजिसने बाराव्या पाहुण्यापुढे कागदी नॅपकिन ठेवला होता. आर्लेत तेव्हा गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटे.

“आई,” कारीन हळू आवाजात म्हणाली, “तो इकडे द्या जरा.”

आर्लेतने दिला. कारीनने तो उलटा केला, भरतकामाची मागची गाठ पाहिली, उजेडात धरला. आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग उभी राहून.

“बारावा! रेजिस, बघ! नादेज, तूही नीट बघ! चार महिने मी मशीनच्या रबरामागे हात घालून शोधतेय! ड्रम काढायला माणूस बोलावला होता मी!” तिने नॅपकिन निशाणासारखा हलवला. “मशीनमध्ये गेला म्हणे! मशीनमधून सरळ लिऑनला आला काय?”

“कारीन, बस खाली, लोक बघतायत,” रेजिस म्हणाला.

“बघू देत की! लोकांना चौदा महिन्यांपासून माहीत दिसतंय, तुलाच माहीत नाही!”

“चौदा महिने कुठून काढलेस?” नादेजने विचारले.

“एक गुरुवार सोडून डॉक्टर, हे तेव्हापासूनच आहे ना?” कारीन म्हणाली आणि सासूकडे बघून बसली. तिच्या डोळ्यांत हसून पाणी आले होते. “आई, आता सांगून टाका. काहीही असू दे. मी तुमच्या बाजूने आहे. आज मी कोणाच्याही बाजूने व्हायला तयार आहे.”

मग आर्लेतने सांगितले. जोस्यानने मध्येच केनेल आणून ठेवले. ते फुगलेले, सोनेरी, सॉसमध्ये डुलणारे केनेलचे लांबट गोळे तसेच निवत राहिले आणि ती सांगत राहिली. शेवटच्या तपासणीनंतर पाऊस होता म्हणून इथे शिरली. एकट्या बाईला जागा नव्हती म्हणून जोस्यानने एका जलद्वारवाल्याच्या समोर बसवले. त्याने तिला काही विचारले नाही, फक्त मोहरी पुढे सरकवली. पुढच्या वेळी ती पाऊस नसताना आली. डोळे उत्तम आहेत. आणि सोमवारी दोन खोल्यांची सही.

“याच्याबरोबर?” रेजिसने हनुवटी फेलिक्सकडे वळवली.

“नाही. खोल्या माझ्या. फेलिक्स वरच्या मजल्यावर राहतात. मध्ये जिना आहे.”

“एकोणीस पायऱ्या,” फेलिक्स म्हणाला. मग आपल्याला कोणी विचारले नव्हते हे आठवून त्याने उठून हात पुढे केला. “फेलिक्स काँब. मगाशी कोटाचं झालं, त्याबद्दल माफ करा. खोटं वागायची मला सवय नाही.”

रेजिसने हात हातात घेतला, कारण हात पुढे आला की तो घ्यायचा असे त्याला लहानपणापासून शिकवले होते. पण लगेच सोडला.

“तुला माहीत होतं?” नादेज क्लेलियावर वळली. “आई, हिला सांगितलंस आणि मला नाही?”

“मी कोणाला सांगितलं नाही गं.”

“मीच पाहिलं,” क्लेलिया म्हणाली. “फेब्रुवारीत. इथून जात होते, काचेतून आजी दिसली. तोंडात घास होता आणि ती हसत होती. आजीला तोंडात घास असताना हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती आधी गिळते, मग हसते.” तिने बापाकडे पाहिले. “तू फोनवर त्या फरशीबद्दल बोललास ना बाबा, तेव्हाच मी तुम्हाला इथे आणायचं ठरवलं. म्हटलं, निदान इथे बोला.”

“म्हणजे तूच तो सापळा लावलास, कार्टे,” आर्लेत म्हणाली.

“आजी, तू नॅपकिन काढायला उठशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तेवढं तुझंच.”

नादेजने केनेलचा मोठा घास घेतला. विचार करायचा असला की ती खाई. “खरं सांगू?” ती थोड्या वेळाने म्हणाली. “बेझाँसाँहून इथे सरळ गाडी आहे. घरी यायचं तर दोनदा बदलावी लागते. मी महिन्यातून एकदा येईन.”

“झालं,” रेजिस म्हणाला. “नादेजही गेली.” तो उठला. “मी जरा काउंटरला जाऊन येतो.”

तो काउंटरला जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. जोस्यानने न विचारता त्याच्यासमोर एक लहान ग्लास ठेवला आणि दुसरीकडे बघत ताटल्या पुसू लागली. आर्लेत उठायला लागली, तेव्हा फेलिक्सने फक्त मिठाची डबी इंचभर तिच्याकडे सरकवली. ती पुन्हा बसली. तिने केनेलचा एक घास घेतला. निवले होते, तरी चांगले होते. कारीनने दुसरा घेतला. त्यांनी त्याला बारा मिनिटे दिली असावीत, कदाचित जास्तच.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात कोटाच्या खिशातून काढलेली एक चामड्याची डबी होती.

“हे तुला द्यायचं होतं. वाढदिवसाचं.” त्याने डबी टेबलावर ठेवली. “आता काय उपयोग!”

आत चष्मा होता. शिंगाची फ्रेम, मधासारख्या रंगाची, हाताने घासून काचेसारखी केलेली. भिंगे चांगली जाड. आर्लेतने फ्रेम उचलून काडीच्या आतल्या बाजूला पाहिले. रेमोंची खूण होती, कानशीच्या तीन बारीक रेघा.

“बाबांच्या बाकावर केली,” रेजिस म्हणाला. “तीन वर्षं त्याच्यावर चादर टाकलेली होती. काढली. आठ रविवार लागले. तुझ्या नाकाचं माप बाबांच्या वहीत होतं.” त्याने डबीचे झाकण मिटले. “मी काय म्हणतो, तुला दिसतंय हे चांगलंच आहे. आई, ते खरंच फार चांगलं आहे, मला कळतं. पण रविवारी आम्ही जायचं कुठे? बाबा गेले, आता तूही डोंगर उतरून इकडे चाललीस. ते टेबल, ती बारा माणसं... मी घरातला मोठा झालो, आणि जेवायला बोलावणारंच कोणी उरलं नाही.”

म्हणजे फरशी, उंबरा, दांडे हे सगळे यासाठी होते. आर्लेतला वाटले होते की तो तिला धरून ठेवतो आहे. तो टेबल धरून ठेवत होता.

ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यामागे गेली आणि तिने तो चष्मा त्याच्याच नाकावर चढवला. फ्रेमचा नाकावरचा पूल तिच्या मापाचा, त्याला अरुंद होता. चष्मा नाकाच्या शेंड्याजवळ अडकला. मग तिने मेन्यूचे कार्ड त्याच्यापुढे धरले.

“लांब नको. हा पाच नंबरचा आहे. एक वीत अंतरावर धर.”

रेजिसने कार्ड जवळ आणले. अजून जवळ. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“टार्ट,” तो म्हणाला. “बदामांचा. च्यायला, हे इतकं स्वच्छ लिहिलंय?”

“सहा वर्षं सांगतेय मी, नंबर काढून घे म्हणून!” कारीन म्हणाली. “चष्म्याचा कारखानदार! गिऱ्हाइकांसमोर चष्मा घातला तर लाज वाटते याला!”

“लाज नाही गं. सवय नाही.”

“खाली अजून एक ओळ आहे, बाबा,” क्लेलिया म्हणाली.

रेजिसने कार्ड नाकाला लावले. “‘रविवारी बंद,’” त्याने वाचले. “‘नेहमीच्या मंडळींनी विचारावं.’”

सगळ्यांनी जोस्यानकडे पाहिले. ती चीजच्या वाट्या घेऊन येत होती. ताज्या चीजमध्ये कांदापात आणि लसूण कालवलेले.

“माझ्याकडे बघू नका,” ती म्हणाली. “रविवारी मी स्वयंपाक करत नाही. चुलीला हात लावत नाही. पण मागचं मोठं टेबल आहे, चूल आहे, आणि किल्ली यांच्याकडे असते,” तिने फेलिक्सकडे मान केली, “पाण्याचा नळ बघायला. बारा माणसं बसतात. येताना सामान आणायचं, जाताना भांडी घासायची.”

“महिन्यातून एकदा,” आर्लेत म्हणाली. “मी रांधीन. तू घसा साफ कर.”

रेजिस हसला नाही. त्याने चीजमध्ये पाव बुडवला, मग टार्ट मागवला, मग दुसरा तुकडा मागवला. चष्मा त्याने काढला नाही. फेलिक्सला त्याने जलद्वाराच्या बिजागऱ्या कसल्या असतात ते विचारले, आणि उत्तर पटले नाही म्हणून कागदावर काढून दाखवायला सांगितले. बाहेर ऊन उतरत गेले. गिऱ्हाईक पांगले. जोस्यानने स्वतःसाठी कॉफी ओतून त्यांच्याच टेबलाला खुर्ची लावली.

“तुम्हाला आठवतं, आई?” कारीन एकदम म्हणाली. “मी पहिल्यांदा तुमच्या घरी जेवले तो दिवस?”

“न आठवायला काय झालं?”

“मला काय माहीत, पाहुण्यानं नॅपकिन ताटाजवळ तसाच विस्कटून ठेवायचा असतो, घडी घातली तर पुन्हा जेवायला येणार असा अर्थ होतो? आमच्या घरी सगळेच घडी घालायचे. मी आपली छान चौकोनी घडी घातली. आणि मामंजी म्हणाले, ‘ही पोरगी संध्याकाळच्या जेवणालाही थांबणार दिसते.’ मी लाजेनं मेले.”

“थांबलीस ना पण?” आर्लेत म्हणाली.

“चोवीस वर्षं. आणि चोर ठरले.”

“नाताळात मी बोलायला हवं होतं, कारीन. चुकलंच माझं.”

“हवं होतं,” कारीन म्हणाली. पण तिने सासूचा हात टेबलावर दाबला.

निघायची वेळ झाली. आर्लेतने आपला तागाचा नॅपकिन घडी करून सतरा नंबरमध्ये ठेवला. या वेळी सगळ्यांसमोर. वळली तेव्हा तिने पाहिले.

रेजिस कोट घालायला उठला नव्हता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली. समोर सॉसचे डाग पडलेला कागदी नॅपकिन. त्याने तो सरळ केला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, अंगठ्याच्या नखाने घडी दाबली; पुन्हा दुमडला, पुन्हा दाबली. रेमों भिंग पुसायच्या कापडाची घडी अशीच घालत. मग तो त्याने ताटलीच्या उजव्या बाजूला, कडेला समांतर ठेवला.

कारीनने क्लेलियाच्या पायाला पाय लावला.

जोस्यान टेबल आवरायला आली आणि कागदी नॅपकिन चुरगळायला सवयीने तिचा हात पुढे गेला. आर्लेतने त्या हातावर हात ठेवला.

“राहू दे तो.”

जोस्यानने घडीकडे पाहिले. मग रेजिसकडे, जो एकदम कोटाची बाही शोधू लागला होता. तिने ती घडी दोन बोटांत उचलली, भिंतीपाशी गेली आणि अठराच्या शेजारच्या रिकाम्या कप्प्यात ठेवून दिली.

“पुढच्या वेळी कापडी आणा, मस्यू,” ती म्हणाली. “कागदी टिकत नाही.”

“घरून आणतो,” रेजिस बाहीत हात घालत म्हणाला.

“खुशाल आण,” कारीन म्हणाली. “पण मग कपाटात दहाच राहतील. आत्ताच सगळ्यांसमोर सांगते, मला कोणी विचारायचं नाही.”